वाचन बाकी

त्या मंगळवारी सकाळी बाबांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. नळ महिनाभर ठिबकत होता आणि महिनाभर ते "करतो, करतो" म्हणत होते. वॉशर बदलून झाल्यावर हात पुसत ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ऐक."

"काय ऐकू?"

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच ऐक," ते म्हणाले, आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

मी मधमाश्यांवरच्या एका पुस्तकाची प्रुफं तपासत होते. छापखान्याचा माणूस पाचला न्यायला येणार होता आणि माझी चाळीस पानं राहिली होती. मी मान वर न करता "छान" म्हटलं. बाबा गेले नाहीत. त्यांनी माझ्या लाल पेनाचं टोपण उचललं, पाहिलं, परत ठेवलं.

"किती राहिलीत, तपासनीस?"

"चाळीस."

"माझी सहाच आहेत."

तेव्हा मी वर पाहिलं. त्यांच्या हातात एक लांबट खाकी पाकीट होतं.

"जरा वाचतेस?" बाबा म्हणाले.

वाचायचं म्हणजे मोठ्यानं वाचायचं. आमच्या घरात त्या शब्दाचा दुसरा अर्थ नव्हता.

बाबा संरक्षण खात्यात मसुदे लिहायचे. आपल्या देशाकडे ती अस्त्रं आहेत, एका वेळी एकेक शहर पुसून टाकणारी. ती कशासाठी आहेत आणि कधी वापरली जातील हे जगाला सांगणारा एक परिच्छेद आहे. तो गुप्त नाही. वर्तमानपत्रात छापून आलाय, शाळेच्या पुस्तकातही आहे. आम्ही ही अस्त्रे पहिल्यांदा वापरणार नाही. आमच्यावर ती वापरली गेली, तर उत्तर दिले जाईल आणि ते सोसण्यापलीकडचे असेल. पुढे आणखी दोन ओळी आहेत. पाच माणसांनी मिळून तो लिहिला आणि त्यातलं पेन बाबांच्या हातात होतं. त्यापुढची सगळी नोकरी त्यांनी त्या चार ओळी सांभाळण्यात घालवली. सरकारं बदलली की कोणीतरी नवीन माणूस येऊन त्यातला एखादा शब्द हलवायला बघायचा, आणि बाबा टिपणं लिहून तो शब्द जागच्या जागी ठेवायचे.

आई म्हणायची, "लोकांच्या सवतीला निदान हात-पाय असतात. माझी सवत चार ओळींची आहे."

असल्या कागदांची दुसरी प्रत काढायची नाही असा त्यांच्या विभागाचा नियम होता. प्रत एकच, तेव्हा ताडून पाहायला काही नाही. म्हणून त्यांनी एक रीत बसवली होती. बंद खोलीत समोरासमोर बसायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारून. दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. वाचणारा तो तोंड, ऐकणारा तो कान. बहुतेक वेळा लिहिणाराच कान असे. खोडायचा हक्क फक्त लिहिणाऱ्याचा. बाकी कुणी पेन्सिलसुद्धा हातात धरायची नाही. आणि वाचन झाल्याशिवाय कागद खोलीबाहेर जायचा नाही. तोवर त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'वाचन बाकी' लिहिलेलं असायचं.

हे सगळं मला फार नंतर कळलं. आठ वर्षांची असताना मला एवढंच माहीत होतं, की रविवारी सकाळी बाबा वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात, मी समोरच्या स्टुलावर बसते आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख विरामचिन्हांसकट वाचते. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण मधेच डोळे न उघडता ते म्हणायचे, "एक स्वल्पविराम गिळलास," आणि मी पोट धरून हसायचे. तो आमचा खेळ होता. जगात आणखी कुणाच्या बापाला असा खेळ येत नाही याची मला खात्री होती.

एकविसाव्या वर्षी, त्यांच्या विभागात वाचनासाठी माणूस हवंय हे कळल्यावर, मी गुपचूप अर्ज भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी तो शेवटपर्यंत वाचला. एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग म्हणाले, "नाही जमायचं."

"का? माझ्याइतकं चांगलं कोण वाचतं?"

"म्हणूनच. आपल्या माणसाला कागदावरचं दिसत नाही गं. आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला आधीच ऐकू येतं आणि तो तेच वाचतो. तोंड परकंच हवं."

तीन महिन्यांनी त्यांना परकं तोंड मिळालं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी मुलगी. तिला नाव आहे, चांगलं आहे, पण आमच्याकडे ते कधी कुणी घेतलं नाही. ऑफिसात तिला तोंडच म्हणायचे आणि बाबाही घरी तसंच म्हणायचे, घरातल्याच कुणाविषयी बोलत असल्यासारखं. "आज तोंडाचा घसा बसलाय," असं म्हणून ते कपाटातल्या गोळ्यांची डबी खिशात टाकायचे. त्याच हिवाळ्यात माझ्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी ते इस्पितळात आले, माझ्या उशाशी बसले, आणि मला बोलता येत नाही हे बघून स्वतःच बोलत राहिले. म्हणाले, "आज तोंडानं अकरा पानं एका दमात काढली. एकदासुद्धा थांबवावं लागलं नाही." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना वाटलं मला झोप आली.

नंतर मी प्रूफरीडर झाले. कशाच्या नादानं झाले ते कुणाला सांगायला नको. पहिल्या पुस्तकात मागच्या पानावर, अगदी बारीक टायपात, माझं नाव छापून आलं तेव्हा मी ती प्रत बाबांना दिली. त्यांनी ती ऑफिसात नेली. चार दिवसांनी परत आणली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, "अख्ख्या पुस्तकात एकच चूक! पान एकशे बारा. तोंडाला सापडली."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाहेर तोंड ठेवलंय म्हणून घरात तुम्हाला तोंड उघडायची गरज पडत नाही, आणि उघडलंत तर हे."

मी एकदाच त्या दोघांना एकत्र पाहिलं. बाबा चष्मा विसरून गेले होते आणि मी तो द्यायला त्यांच्या ऑफिसच्या खालच्या दालनात थांबले होते. दोघं जिना उतरत आले. बोलत नव्हते. अर्ध्या जिन्यात बाबा काहीतरी आठवून थांबले, आणि ती त्याच पायरीवर, त्यांच्याकडे न बघता, थांबली. मग दोघं पुन्हा चालायला लागले. वीस-वीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं तशी थांबतात. माझे आई-बाबा कधी तसे थांबले नाहीत. आई चार पावलं पुढे जाऊन मागे वळायची आणि करवादायची. त्या दोघांत वावगं काहीही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

तर त्या मंगळवारी बाबा पाकीट घेऊन माझ्यासमोर उभे होते. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आई जाऊन सहा. नव्या सरकारनं त्या परिच्छेदावर फेरविचार करायला समिती नेमली होती. पहिलं वाक्य काढायचं, 'पहिल्यांदा नाही' असं वचन द्यायचंच नाही, समोरच्याला अंदाज लागू द्यायचा नाही, असं समितीच्या मनात होतं. जुन्या अधिकाऱ्यांकडून लेखी मतं मागवली होती. जुने म्हणजे आता बाबाच. तो परिच्छेद लिहिणारे बाकीचे चौघं एकेक करून गेले होते. पंधरा दिवस बाबा रोज सकाळी खिडकीशी बसून लिहीत होते आणि दुपारी लिहिलेलं फाडत होते.

आणि समितीची सचिव ती होती. तोंड.

"तुमचं तोंड कुठे गेलं?" मी विचारलं.

"ती सचिव आहे. तिनं कसं वाचायचं? उद्या कोणी म्हणेल दोघांनी मिळून लिहिलं."

म्हणजे तिला विचारता येत नाही म्हणून मला. मला हे इतकं स्वच्छ ऐकू आलं की त्यांनी ते म्हटलंच असं मी नंतर कितीतरी दिवस धरून चालले होते. त्यांनी म्हटलं नव्हतं.

"मी तर आपलं माणूस," मी म्हटलं. "तोंड परकं हवं ना? तुमचाच नियम."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे हे त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला असावा.

"माझाच आहे, म्हणून तर मला मोडता येतो."

"मला वेळ नाहीये, बाबा. पाचला माणूस यायचाय."

"वीस मिनिटांचं काम आहे."

"बघताय ना किती ढीग पडलाय."

"बरं," बाबा म्हणाले. पाकिटाची कड त्यांनी टेबलावर दोनदा आपटून सरळ केली, जणू ती आधी सरळ नव्हती. "मग उद्या."

"बघू."

छापखान्याचा माणूस पाचला आलाच नाही. त्याची गाडी बंद पडली होती, तो साडेसातला आला. माझी पानं पाचच्या आधीच संपली होती. मधल्या अडीच तासांत मी वर्तमानपत्र वाचत बसले, मनातल्या मनात. शेजारच्या खोलीत बाबा होते. पानं उलटल्याचा आवाज त्यांना नक्कीच ऐकू जात होता. त्यांचे कान शेवटपर्यंत उत्तम होते. मला ते ऐकू जावं असंच वाटत होतं. बाबा जन्मभर ज्या अस्त्रांविषयी लिहीत आले त्यांची सगळी गंमत हीच होती: ती वापरायची नसतात, आपल्याजवळ आहेत एवढं समोरच्याला कळत राहायला हवं. मी माझा नकार पंचवीस वर्षं तसा जपला होता. त्या दिवशी वापरून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना बाबा गेले. एका पायात घालून झाला होता. दुसरा हातात होता.

ती त्याच दिवशी आली. दाराजवळ, सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि रडली. मोठ्यानं नाही, पण थांबलीही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं. लोक मला चहा देत होते, बसवत होते, "धीराची आहे हो पोर," असं एकमेकांना सांगत होते. शेहेचाळीस वर्षांची पोर! मी तिच्याकडे बघत होते. मला एवढंच वाटत होतं, की हेसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पाकीट मला चौथ्या दिवशी सापडलं, खिडकीजवळच्या खणात, वरच. उघडंच होतं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्यांच्या पेन्सिलीनं 'वाचन बाकी' लिहिलेलं होतं. मी एकही ओळ न वाचता ते परत खणात ठेवलं आणि किल्ली फिरवली. बाबांच्या हातचं शेवटचं लिहिलेलं. ते माझं होतं. ते समितीला हवं असेल हे मला माहीत होतं. समिती म्हणजे कोण तेही माहीत होतं.

नवव्या दिवशी, सकाळी दहा-साडेदहाला, ती पुन्हा आली. या वेळी एकटीच होते मी. ती चप्पल काढून आत आली आणि कुठे बसावं ते न कळून उभी राहिली. जवळून पाहिली तर माझ्यासारखीच दिसत होती. पांढरे केस, वाचायचा चष्मा दोरीला अडकवलेला, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा.

"बसा ना," मी म्हटलं.

"मला तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," ती म्हणाली. आवाज खरोखरच चांगला होता. प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येत होतं. "पण उद्या दुपारी बाराला मुदत संपतेय. सरांनी काही लिहिलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"लिहायचे आणि फाडायचे. पुरं झालं नाही."

तिनं विश्वास ठेवला का, मला कळलं नाही. खिडकीशी वेताची खुर्ची होती, तिच्याकडे तिनं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग पहिलं वाक्य जाईल. बाकी कुणी विरोधात लिहिलेलं नाही. म्हणजे सरांनी लिहिलं असतं तर राहिलंच असतं असं नाही. पण फायलीत लागलं असतं." ती दाराकडे वळली, मग थांबली. "गेल्या आठवड्यात सोमवारी फोनवर बोलले होते, तेव्हा पुरं झालंय म्हणाले होते. म्हणून विचारलं."

"तुम्हाला फोन केला होता?" सगळं सोडून माझ्या तोंडून हे निघालं.

"मीच केला. मुदतीची आठवण द्यायला. म्हटलं, सर, वाचन कसं करणार, मला तर येता यायचं नाही." ती हसली, पण नीट हसता आलं नाही. "तर म्हणाले, तू नकोच आहेस. घरात लेक आहे. नियम मोडतोय, पण या वेळी मला काय म्हणायचंय ते ऐकू येणारंच माणूस हवंय. तुझ्यापेक्षा चांगलं वाचते ती, आठव्या वर्षापासून." चप्पल पायात सरकवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "चौदा वर्षं वाचलं हो मी त्यांच्यासमोर, त्यांच्या निवृत्तीपर्यंत. मला कधी असं म्हणाले नाहीत. जरा लागलंच ते मला."

मी उठले. किल्ली माझ्या बांगड्यांच्या डबीत होती. खण उघडून पाकीट आणून मी तिच्यासमोर धरलं.

तिनं एकदा पाकिटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आत्ताच खोटं बोलले होते याविषयी तिनं अक्षर काढलं नाही.

"वाचलंत ना तुम्ही?" तिनं विचारलं. "मग बंद करा, मी अशीच नेते."

मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. पाकीट गेलं असतं, ती गेली असती.

"एकदा वाचू या," मी म्हटलं. "आपण दोघी."

"मी सचिव आहे."

"कानाला कुठे मत असतं?"

हे बाबांचं वाक्य होतं. तिनं ते हजारदा ऐकलं असणार. तिनं चप्पल पुन्हा काढली.

मग एक गंमत झाली. आम्ही दोघी एकदमच स्टुलाकडे गेलो. स्टूल वाचणाऱ्याचं. दोघींनाही दुसरीकडे बसायची सवय नव्हती. तिचा हात आधी लागला. आठ वर्षांच्या पोरीसारखी मी म्हणाले, "ते माझं आहे."

"हो, खरंच," ती म्हणाली, हात काढून घेत. बाबांच्या खुर्चीत बसायला ती धजली नाही. पलंगाच्या कडेवर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि डोळे मिटले.

मी पानं बाहेर काढली. 'वाचन बाकी' वर अंगठा ठेवला, जरी तिचे डोळे मिटलेले होते तरी. आणि वाचायला लागले.

"समितीसमोर असा विचार मांडला गेला आहे की, स्वल्पविराम, पहिले वाक्य काढून टाकल्यास शत्रू संभ्रमात राहील आणि संभ्रमातला शत्रू घाबरून राहील. पूर्णविराम. माझा अनुभव वेगळा आहे. पूर्णविराम. घाबरलेला माणूस थांबतोच असे नाही. पूर्णविराम. तो घाईसुद्धा करतो. पूर्णविराम."

माझा आवाज सुरुवातीला कापत होता. तिसऱ्या-चौथ्या ओळीला तो आपोआप जागेवर आला. चाळीस वर्षं मागे गेला म्हटलं तरी चालेल. मग विरामचिन्हं कधी म्हणत होते तेही मला कळेनासं झालं.

"'पहिल्यांदा नाही' हे शब्द आपण आपल्या भलेपणासाठी लिहिलेले नाहीत. ते सीमेपलीकडच्या एका खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी लिहिले आहेत. त्याला आपण ओळखत नाही. एखाद्या दिवशी त्याच्या पडद्यावर एक ठिपका उमटेल. तो पक्ष्यांचा थवा असेल, यंत्राचा बिघाड असेल. त्याच्यापाशी चार-पाच मिनिटे असतील. तेवढ्या वेळात त्याला आपले वाक्य आठवले आणि त्यावर थोडासा विश्वास बसला, तर वरिष्ठांना फोन लावण्याआधी तो यंत्र पुन्हा एकदा तपासून बघेल. उत्तराची धमकी शत्रूच्या राज्यकर्त्यांसाठी आहे. हे वाक्य त्या माणसासाठी आहे. दोन्ही असल्याशिवाय आपली अस्त्रे आपले रक्षण करत नाहीत, केवळ आपल्याजवळ असतात."

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबले.

"काही नाही. वाचा. ओळच तशी होती, म्हणून थांबवलं."

मी पुढे वाचलं. तिसरं पान, चौथं पान. बाबांनी घरात कधी इतकं सलग बोलल्याचं मला आठवत नव्हतं. परिच्छेदातला प्रत्येक शब्द कसा आला, कुणी काय हरकत घेतली होती, कुठला शब्द बदलायला हवा होता आणि ते स्वतः आडून बसल्यामुळे राहून गेला. पाचव्या पानावर मी आले.

"या वाक्यामुळे इतक्या वर्षांत किती वेळा काय टळले, असे मला कुणी विचारले तर माझ्याकडे आकडा नाही. जे घडले नाही त्याची नोंद कुठलेच खाते ठेवत नाही. एखादा नळ गळत नसेल तर तो कुणी दुरुस्त केला हे घरातली माणसे विसरतात. मला हे सिद्ध करता येणार नाही. पूर्णविराम."

मी पान उलटलं.

"मला हे सिद्ध करता येणार नाही. पूर्णविराम."

मी थांबले. तीही थांबली होती. म्हणजे तिचा श्वास थांबला होता, तो मला ऐकू आला. आम्ही दोघी त्याच पायरीवर थांबलो होतो.

पान संपल्यावर बाबांनी ते वाक्य पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं होतं. पान बदलताना असं होतं. रोज माझ्या टेबलावर असल्या दहा चुका येतात. एकदा कुणी मोठ्यानं वाचलं की लगेच सापडतात. माझा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला.

"नको," तिनं डोळे न उघडताच म्हटलं.

"दोनदा आलंय."

"आलंय. पण खोडणार कोण?"

मी पेन्सिल ठेवून दिली. लिहिणाऱ्यानंच खोडायचं. ते वाक्य आता समितीसमोर दोनदा जाणार होतं. फायलीत दोनदा लागणार होतं, आणि पुढे कधी कुणी ती फाईल उघडली तर त्याला वाटणार होतं की म्हाताऱ्याचं भान सुटलं होतं.

उरलेलं पान मी वाचून संपवलं. शेवटी त्यांची सही होती आणि तारीख होती, त्या मंगळवारची.

मी पानं पुन्हा जुळवली आणि अंगठा पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर ठेवला. तिनं डोळे उघडले. ती माझ्या हातातल्या पानांकडे बघत होती, माझ्या अंगठ्याकडे.

"सरांच्या कानाला हे सुटलं नसतं," ती हळू आवाजात म्हणाली. आरोप नव्हता. तिला खरंच उलगडा होत नव्हता. "त्यांनी वाचून घेतलं असतं तर सुटलंच नसतं. पण ते तर म्हणाले होते की... तुम्हाला दिलं नव्हतं का त्यांनी वाचायला?"

मी अंगठा बाजूला केला आणि पान तिच्याकडे फिरवलं. तिनं कोपऱ्यातले ते दोन शब्द वाचले.

"दिलं होतं," मी म्हटलं. "मंगळवारी सकाळी. इथेच, या टेबलाशी उभे होते. मी नाही म्हटलं. वेळ होता मला. अडीच तास होते. तुमच्यामुळे नाही म्हटलं. तुम्ही त्यांच्यासमोर बसायचात, ती जागा मला हवी होती. एकविसाव्या वर्षापासून हवी होती, दुसरं काहीच कधी एवढं हवं नव्हतं, आणि मी हे कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. आणि ज्या दिवशी त्यांनी ती मला दिली, त्या दिवशी मी बसले नाही."